समोच्चारी शब्दांची कैफियत

इंग्लंडचा राजकवी रॉबर्ट ब्रिजेस याने 1919 साली एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. शुद्ध इंग्रजीच्या रक्षणासाठी त्याने व त्याच्या स्नेह्यांनी 1913 मध्ये जी संस्था स्थापन केली होती, तिच्या पुस्तिकामालेतील ही दुसरी. विषय होता, उच्चार एक पण अर्थ निराळे अशा इंग्रजी शब्दांचा. आठशेहून अधिक नोंदींची यादी करून ब्रिजेसने या शब्दांवर रीतसर आरोपपत्रच ठेवले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हे शब्द भाषेला झालेला एक उपद्रव आहेत, इंग्रजीत त्यांची गर्दी इतरांच्या मानाने फार आहे, ते एकमेकांच्या जिवावर उठतात आणि त्यामुळे चांगले चांगले शब्द वापरातून जाऊन भाषा दरिद्री होते, आणि या सगळ्याच्या मुळाशी दक्षिण इंग्लंडातील लोकांचा सैल उच्चार आहे.

ब्रिजेस हा कोणी सोम्यागोम्या नव्हे. मिल्टनच्या छंदावर त्याने लिहिलेला ग्रंथ जाणकारांनी नावाजलेला आहे. शब्दाचे वजन कानाने तोलणारा हा कवी. असा माणूस तक्रार करतो तेव्हा ती ऐकून घेतलीच पाहिजे. पण फिर्याद ऐकल्यावर कैफियतही ऐकावी, हा न्याय आहे. मी एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. तेव्हा भाषापंडिताच्या अधिकाराने मला बोलता येणार नाही. परंतु हे आरोपी रोज माझ्या हाताखालून जातात आणि त्यांच्यापायी माझी मुले मार्क गमावतात. तेवढ्या नात्याने ही कैफियत मांडतो आहे.

आमच्या शाळांतून हे शब्द शिकवण्याची एक ठरलेली रीत आहे. फळ्यावर दोन रकाने आखायचे, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि खाली लिहायचे, 'पाठ करा'. 'राइट' हा आवाज एक, पण त्याची स्पेलिंगे चार. आरंभी डब्ल्यू आणि शेवटी ई असलेला 'राइट' म्हणजे लिहिणे. पोटात जीएच असलेला 'राइट' म्हणजे बरोबर, किंवा उजवा, किंवा हक्क. या दोहोंपैकी काहीच नसलेला, आर-आय-टी-ई असा 'राइट' म्हणजे धर्मविधी. आणि डब्ल्यू व जीएच दोन्ही घेऊन बसलेला चौथा 'राइट' म्हणजे कारागीर. मुले हे घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यात नवल नाही. चार अनोळखी माणसे एकाच रंगाचे कपडे घालून समोर उभी केली आणि त्यांची नावे पाठ करा म्हटले, तर आपणही विसरू. माणूस लक्षात राहतो तो त्याचे गाव, घर आणि कूळ कळल्यावर.

म्हणून कूळ पाहू. लिहिण्याचा 'राइट' हा जर्मानिक घराण्यातला. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. लाकडावर किंवा दगडावर खुणा खोदत त्या काळात माणसे हा शब्द वापरू लागली. आपला 'लिहिणे' ज्या 'लिख्' धातूवरून आला त्याचाही मूळ अर्थ ओरखडणे हाच आहे. दोन दूरच्या समाजांना एकच कृती पाहून एकच गोष्ट सुचली. 'बरोबर' या अर्थाचा 'राइट' हा मुळात सरळ. त्याचे नाते लॅटिन 'रेक्टस'शी आणि आपल्या 'ऋजु'शी आहे. धर्मविधीचा 'राइट' लॅटिनमधून आला. आणि चौथा, कारागिराचा 'राइट' हा 'वर्क' म्हणजे काम या शब्दाच्या कुळातला; त्यातील र आपली जागा सोडून पुढे सरकला एवढेच. गाड्याची चाके घडवणारा तो 'व्हीलराइट', गलबत बांधणारा तो 'शिपराइट'.

नाटककाराला इंग्रजीत 'प्लेराइट' म्हणतात. देवनागरीत हा शब्द वाचला की वाटते, नाटक लिहिणारा तो प्लेराइट. स्पेलिंग पाहिले म्हणजे कळते की हा राइट लेखकाचा नव्हे, कारागिराचा आहे. नाटक बांधणारा, घडवणारा, सांधे जुळवणारा असा तो प्लेराइट. एका अक्षराच्या फरकात नाटकाविषयीची केवढी समजूत साठवलेली आहे! आणि आपल्या घरात पाहिले तर तेच दिसते. संस्कृतात सूत्रधार म्हणजे दोरी धरून मापे घेणारा, लाकूडकाम व बांधकाम करणारा. त्याच शब्दापासून मराठीत 'सुतार' आला. नाटकाचा सूत्रधार आणि आळीतला सुतार हे शब्दाच्या दृष्टीने एकाच घरचे. लंडनच्या रंगभूमीने नाटककाराला कारागिरांच्या पंगतीत बसवले आणि आपल्या भाषेनेही नाटक चालवणाऱ्याला तेथेच बसवले. चार 'राइट' नुसते घोकणाऱ्या मुलाच्या हाती यातले काहीच पडत नाही.

आता हे निरनिराळ्या कुळांतले शब्द एका उच्चाराला आले कसे? हा प्रश्न वर्गात एकदा एका मुलीने फार नेमक्या शब्दांत विचारला. "के म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?" ती 'नाइट' या शब्दाविषयी विचारत होती. रात्र या अर्थाच्या 'नाइट'ला के नाही, सरदार या अर्थाच्या 'नाइट'ला आहे. उत्तर असे, की तो के एके काळी म्हणत असत. जुन्या इंग्रजीत सरदाराचा शब्द सुमारे 'क्निख्त' असा उच्चारला जाई आणि रात्रीचा 'निख्त' असा. त्यातील 'ख्' हा घशातला आवाज मावळला, पण जीएच ही त्याची खूण मागे राहिली. 'बरोबर'च्या 'राइट'मधला जीएच तोच. पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास के-ही मुका झाला आणि रात्र व सरदार कानाला एक झाले. रात्रीच्या शब्दाचे नाते आपल्या 'नक्त'शी आहे. सरदाराच्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र पोरगा, चाकर एवढाच होता. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ 'क्नेख्त' अजून गडी म्हणूनच राबतो. इंग्लंडात गेलेला भाऊ घोड्यावर बसला आणि सरदार झाला.

स्वरांचेही तसेच. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापखान्यामुळे स्पेलिंगे हळूहळू एका जागी बसू लागली. पण त्याच सुमारास इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा सोडून निघाले होते आणि पुढची दोनअडीचशे वर्षे ते सरकतच राहिले. समुद्र या अर्थाचा 'सी' आणि पाहणे या अर्थाचा 'सी' यांचे स्वर चॉसरच्या काळी वेगळे होते. पहिल्यात ईए आणि दुसऱ्यात दोन ई असे जे आपण लिहितो, ती त्या वेगळेपणाची नोंद आहे. मांसाचा 'मीट' आणि भेटण्याचा 'मीट' यांचेही तसेच. ज्या मुक्या अक्षरांची आपण थट्टा करतो ती बहुधा अशी जुन्या उच्चारांची थडगी आहेत.

'बहुधा' हा शब्द मी जाणून घातला आहे. कारण इंग्रजी स्पेलिंग म्हणजे इतिहास, असे सरसकट म्हणणारे लोक या साक्षीदाराची उलटतपासणी घेत नाहीत. तो काही वेळा साफ खोटे बोलतो. 'आयलंड' या शब्दात जो मुका एस आहे तो कधीच बोलका नव्हता. हा शब्द अस्सल इंग्रजी. 'आइल' हा लॅटिन वंशाचा दुसराच शब्द. पण दोघांचा अर्थ एक आणि आवाज जवळचा पाहून पंडितांनी आइलचा एस आयलंडच्या गळ्यात बांधला. 'कुड'मधील एल 'वुड' आणि 'शुड' यांच्या संगतीने आला. त्याच्या कुळात एल नव्हता. 'डिलाइट'मधील जीएच 'लाइट'कडून उसना घेतलेला आहे. सर्वांत गमतीचा प्रकार नवरदेवाचा. 'ब्राइडग्रूम'मध्ये मुळात 'गुमा' म्हणजे पुरुष हा शब्द होता. 'गुमा' वापरातून गेला, तेव्हा लोकांनी त्याच्या जागी कानाला जवळचा 'ग्रूम' बसवला. ग्रूम म्हणजे पोऱ्या, चाकर. आणि पुढे मोतद्दार. अशा रीतीने इंग्रजीत नवरदेव हा नवरीचा चाकर झाला, तो केवळ उच्चाराच्या सारखेपणामुळे. लग्न झालेल्या वाचकांना ही व्युत्पत्ती खोटी असूनही खरी वाटेल.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सारखा आवाज ही केवळ योगायोगाने घडून संपलेली घटना नसते. आवाज सारखे झाले की शब्द एकमेकांना ओढू लागतात, एकमेकांचे कपडे घालतात, नाती नसताना नाती सांगतात. ब्रिजेसने याला उपद्रव म्हटले. मला ते शब्दांच्या जिवंतपणाचे लक्षण वाटते.

आपल्या अलंकारशास्त्रात श्लेषाविषयी दोन फार सुंदर दृष्टांत आहेत. एक जतुकाष्ठाचा. लाकडावर लाख चिकटवली म्हणजे दोन वस्तू एक दिसतात, पण असतात दोनच. दुसरा एका देठाला लागलेल्या दोन फळांचा. ब्रिजेसच्या लांबलचक यादीकडे या दृष्टीने पाहिले, तर दोन निरनिराळे ढीग पडतात. 'राइट' किंवा 'नाइट' ही लाख आणि लाकूड. पण 'फ्लॉवर' म्हणजे फूल आणि 'फ्लार' म्हणजे पीठ, हे दोन शब्द एकाच देठाचे आहेत. दळलेल्या गव्हाचा जो सर्वांत उत्तम, बारीक भाग, तो गव्हाचे फूल. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात पिठासाठी निराळे स्पेलिंग नाही. ते नंतर रूढ झाले. धातू या अर्थाचा 'मेटल' आणि अंगची धमक या अर्थाचा 'मेटल' हेही मुळात एकच. ज्याला आपण तलवारीचे पाणी म्हणतो आणि मग पाणीदार माणूसही म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

बँकेचा 'चेक' आणि तपासणीचा 'चेक' हेही असेच, आणि त्यांचा प्रवास तर आपल्या अंगणातून झालेला आहे. बुद्धिबळात राजावर मोहरा आला की फारसीत 'शाह' म्हणत. तो शब्द अरबीतून फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत गेला आणि त्याचा 'चेक' झाला. राजाला अडवणे म्हणून अडवणे, अडवून पाहणे म्हणून तपासणे, आणि खोटेपणा तपासता यावा म्हणून ठेवलेला कागद तो बँकेचा चेक. पटाच्या चौकटींवरून चौकटीचे कापड, आणि असे कापड पसरून हिशेब करीत म्हणून इंग्लंडच्या खजिन्याचे नावच 'एक्स्चेकर' पडले. तोच 'शाह' मराठीत सरळ फारसीतून आला आणि आपण त्याला 'शह' म्हणू लागलो. बँकेत चेक वटवणारा माणूस आणि ओट्यावर शह देणारा माणूस हे एकच अक्षर उच्चारीत असतात, फक्त एक जण युरोपला वळसा घालून आलेला असतो. आपला 'शह आणि मात' म्हणजेच त्यांचा 'चेकमेट'.

या 'मेट'शी आणखी एक 'मेट' येऊन चिकटला आहे, तो मात्र लाखेचा. सोबती या अर्थाच्या 'मेट'चे नाते 'मीट'शी आहे. मीट म्हणजे पूर्वी केवळ मांस नव्हे, कोणतेही अन्न. ज्याच्याबरोबर आपण जेवतो तो मेट, आपल्या पंगतीचा माणूस. आणि बुद्धिबळातला 'मेट' म्हणजे मात, हतबल झालेला राजा. एका आवाजात पंगतीचा सोबती आणि राजाचा अंत असे दोघे शेजारी बसले आहेत. त्यांना एकत्र आणणारा कोणी कवी नव्हता. पण असा शेजार कवीला दिसला तर तो सोडील काय?

कवीकडे वळण्यापूर्वी ब्रिजेसच्या आरोपात जेवढे तथ्य आहे तेवढे मान्य केले पाहिजे. सारख्या आवाजाचे शब्द एकमेकांचा जीव घेतात हे काही ठिकाणी खरे आहे. राणी या अर्थाच्या 'क्वीन'ला ईए या स्वराचा एक जुळा शब्द होता. त्याचा अर्थ आधी बाई आणि पुढे वाईट चालीची बाई. स्वर एक झाल्यावर राणी आणि कुलटा यांना एकच हाक मारण्याचा प्रसंग आला. कोणता शब्द जाणार हे सांगायला नको. 'लेट' म्हणजे मोकळीक देणे, आणि पूर्वी दुसरा 'लेट' म्हणजे अडवणे. पित्याच्या भुतामागे निघालेला हॅम्लेट अडवणाऱ्यांना दटावतो, तेव्हा तो हा दुसरा 'लेट' वापरतो आणि आजच्या विद्यार्थ्याला तो नेमका उलटा कळतो. हा शब्द आता टेनिसच्या मैदानावर आणि सरकारी भाषेत तेवढा उरला आहे. आपल्या भारतीय पासपोर्टातही तो आहे.

पण यातून निघणारा नियम ब्रिजेसच्या नियमाहून अरुंद आहे. दोन शब्द एकाच वाक्यात, एकाच जागी बसू शकत असतील आणि तेथे अर्थाचा घात होत असेल, तरच त्यांतला एक मरतो. समुद्र हे नाम, पाहणे हे क्रियापद. दोघांची वाक्यातली जागा वेगळी, म्हणून दोन्ही 'सी' तीनशे वर्षे सुखाने नांदत आहेत. मुलगा या अर्थाचा 'सन' आणि सूर्य या अर्थाचा 'सन' ही दोन्ही नामे, तरीही ती टिकली. कारण सूर्य उगवला म्हटल्यावर कोणाला मुलगा आठवत नाही. तेव्हा शब्द मेले ते आवाज सारखा झाला एवढ्यानेच नव्हे. आवाजाबरोबर जागाही एकच झाली म्हणून.

दक्षिण इंग्लंडच्या उच्चाराविषयीचा आरोपही असाच तपासावा लागेल. डॅनियल जोन्सचा उच्चारकोश 1917 मध्ये निघाला आणि त्यातील र गाळणारा उच्चार पाहून ब्रिजेस अस्वस्थ झाला. त्या उच्चारात मूळ या अर्थाचा 'सोर्स' आणि तोंडी लावण्याचा 'सॉस' एक होतात. पण स्कॉटलंडच्या माणसाच्या तोंडी ते एक होत नाहीत, आणि मराठी माणसाच्याही होत नाहीत. उलट जे शब्द इंग्रजाच्या तोंडी वेगळे आहेत ते आमच्याकडे एक होतात. दुकानातला सेल, बॅटरीतला सेल, राजकीय पक्षाचा सेल. सेलमधून सेल आणले, असे आपण बेलाशक म्हणतो. इंग्रजाच्या कानाला यातल्या विक्रीचा स्वर निराळा आहे. आमच्या एका मात्रेत तो फरक मावत नाही. म्हणजे समोच्चारी शब्दांची यादी ही भाषेची नसते, तोंडाची असते. जितकी तोंडे तितक्या याद्या. ब्रिजेसने एका तोंडाची यादी केली आणि दोष सगळ्या भाषेला दिला.

आता कवी. इंग्रजी टीकेत शब्दश्लेषाला प्रतिष्ठा नव्हती. जॉन्सनने 1765 च्या आपल्या शेक्सपिअरच्या आवृत्तीला जी प्रस्तावना जोडली, तीत शेक्सपिअरच्या या हौसेला क्लिओपात्रेची उपमा दिली आहे. जिच्यापायी साम्राज्य घालवावे आणि घालवल्याचे दुःखही वाटू नये, अशी ही मोहिनी. ब्रिजेसची तक्रार भाषेविषयी आहे आणि जॉन्सनची कवीविषयी, पण दोघांच्या मनातली समजूत एकच : दोन अर्थ एका आवाजात आले म्हणजे एक अर्थ खोटा, निदान फालतू.

'ज्यूलिअस सीझर'चा पहिला प्रवेश आठवा. सुटीच्या दिवशी रस्त्यावर भटकणाऱ्या कारागिरांना अधिकारी हटकतात. त्यांतला जोडे दुरुस्त करणारा एक कारागीर आपला धंदा सांगताना 'सोल' शब्दावर खेळतो. एक 'सोल' म्हणजे जोड्याचा तळ, दुसरा म्हणजे आत्मा. अधिकारी चिडतो, प्रेक्षक हसतो, आणि आपण पुढे जातो. परंतु पुढचे सगळे नाटक कशाविषयी आहे? बिघडलेले आत्मे दुरुस्त करायला निघालेल्या माणसांविषयीच. ब्रुटसला रोमचा आत्मा नीट करावयाचा आहे आणि त्यासाठी तो हाती खंजीर घेतो. जोडेवाल्याजवळ निदान त्याच्या कामाची हत्यारे होती. तो पहिल्या पानावरचा विनोद काढून टाकला, तर नाटक चालेल. पण त्याच्या उंबरठ्यावर ठेवलेला दिवा विझेल.

आणखी एक उदाहरण उलट्या बाजूचे. 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात फॉल्स्टाफ कारणे देण्याविषयी बोलताना रानफळांचा उल्लेख करतो. आजच्या वाचकाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. शेक्सपिअरच्या काळी 'रीझन' म्हणजे कारण आणि 'रेझिन' म्हणजे मनुका यांचा उच्चार जवळजवळ एक होता; तेव्हा कारणांच्या टोपलीत फळे होतीच. आवाज पुढे वेगळे झाले आणि विनोद मेला. ब्रिजेसला भीती होती की आवाज एक झाल्याने भाषा दरिद्री होते. येथे आवाज वेगळे झाल्याने एक वाक्य दरिद्री झाले आहे!

आणि श्लेष हा केवळ हसण्याचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी जॉन डन वाचावा. डन ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. लंडनच्या सेंट पॉल चर्चचा तो डीन झाला. परमपित्याला उद्देशून त्याने रचलेली एक प्रार्थना त्याच्या मृत्यूनंतर 1633 मध्ये छापलेल्या संग्रहात आहे. कवी एकामागून एक आपली पापे देवापुढे ठेवतो आणि प्रत्येक वेळी म्हणतो की हे झाले, तरी अजून तुझे काम झाले नाही. 'झाले' यासाठी जो इंग्रजी शब्द आहे त्याचा उच्चार 'डन'. कवीचे आडनावही डन. देवाचे काम पुरे होत नाही आणि देवाला डन मिळत नाही, या दोन गोष्टी एका आवाजात आल्या आहेत. शेवटी मृत्यूच्या वेळी प्रकाश देणारा जो 'सन' तो मागतो, तो पुत्रही आहे आणि सूर्यही. मरणाच्या भीतीने घेरलेला माणूस देवाशी कोट्या करीत नाही. आपले नावच आपल्या मुक्तीच्या क्रियापदासारखे ऐकू येते, हे त्याला दिसले आणि त्याने ते देवापुढे ठेवले. येथे एक अर्थ खरा आणि दुसरा फालतू असे कोण म्हणेल?

आपल्या काव्यशास्त्रात मम्मटाने शब्दश्लेषाची एक साधी परीक्षा सांगितली आहे. तो शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घातला आणि चमत्कार नाहीसा झाला, तर तो शब्दाचा श्लेष. मला तिच्या पुढे आणखी एक परीक्षा जोडावीशी वाटते. दोन अर्थांतला एक काढून टाकला तर दुसरा गरीब होतो काय? श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गडकरी यांच्या अनुयायांनी मराठीत ज्या कोट्यांचे पीक काढले, त्यांतल्या पुष्कळशा या परीक्षेत नापास होतात. त्यांत दोन अर्थ एकमेकांना भेटतात आणि नमस्कार करून निघून जातात. डनचे दोन अर्थ एकमेकांचा हात सोडीत नाहीत.

ब्रिजेसला हे कळू नये याचे नवल अशासाठी वाटते, की त्याच्याच घरात याचे उदाहरण होते. त्याचा मित्र जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स 1889 मध्ये वारला. त्याच्या कविता ब्रिजेसने जवळजवळ तीस वर्षे जपल्या आणि 1918 मध्ये छापल्या. आवाजाच्या सारखेपणावर इतकी श्रद्धा असलेला दुसरा इंग्रज कवी त्या शतकात सापडणे कठीण. आणि त्याच आवृत्तीच्या टिपांत ब्रिजेस तक्रार करतो, की एकाच रूपाचे शब्द नाम आहेत की क्रियापद हे वाचकाला चटकन कळू नये असे हा कवी मांडतो! पुढच्याच वर्षी त्याने ही पुस्तिका काढली. मित्राचे हस्तलिखित जपणाऱ्या त्याच्या निष्ठेला नमस्कार केला पाहिजे. पण त्या हस्तलिखितात काय आहे हे त्याच्या कानाने पुरते ऐकले नाही, असेही म्हटले पाहिजे. ब्रिजेस 1930 मध्ये वारला. त्याच वर्षी विल्यम एम्प्सन या चोवीस वर्षांच्या तरुणाचा काव्यातील संदिग्धतेच्या सात प्रकारांवरचा ग्रंथ निघाला, आणि जो दोष होता तो गुण म्हणून वाचण्याची रीत इंग्रजी टीकेत सुरू झाली.

हा सगळा इंग्रजीचा खटला आहे. त्याच्याशी आपल्याला काय करावयाचे, असे कोणी विचारील. करावयाचे आहे. ज्या भाषेत शब्दांचे आवाज एक होतात ती भाषा भेद राखण्यासाठी दुसरी काही सोय करते. इंग्रजीने ती स्पेलिंगात केली, मराठीने पुष्कळ ठिकाणी लिंगात. ती पाठ म्हणजे 'पृष्ठ'; तो पाठ म्हणजे शिक्षकाने द्यावयाचा धडा. ते काम 'कर्मा'पासून आलेले. तो काम मात्र सरळ संस्कृतातला, मनातला. ही लाख आणि लाकूड. आणि तो वेळ व ती वेळ ही 'वेला' या एकाच देठाची दोन फळे. लिहिताना भेद राखण्याची सोयही आपल्याकडे थोडी होती. बोट या अर्थाची 'नाव' अनुस्वाराशिवाय लिहीत आणि 'नाम'पासून आलेले 'नांव' अनुस्वाराने; तो अनुस्वार हरवलेल्या म-ची खूण होती. 1962 साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारलेले अनुस्वार काढले. योगायोग असा, की त्याच वर्षी बर्नार्ड शॉच्या मृत्युपत्राप्रमाणे तयार केलेल्या नव्या ध्वनिलिपीत त्याचे एक नाटक छापले गेले. शॉची लिपी कोणी स्वीकारली नाही. आपले नियम आपण स्वीकारले, आणि लाखो मुलांची मुक्या टिंबांच्या जाचातून सुटका झाली. मी शिक्षक आहे. ती टिंबे परत आणा असे मी म्हणणार नाही. पण वर्गात 'ते नाव' आणि 'ती नाव' शिकवताना, एकाच्या डोक्यावर पूर्वी टिंब होते आणि ते का होते, हे सांगायला पाच मिनिटे पुरतात.

इंग्रजीच्या तासालाही मी एवढेच सुचवीन. उत्तरपत्रिकेत 'राइट'चे स्पेलिंग चुकवणाऱ्या मुलाने आवाज बरोबर ऐकलेला असतो. त्याला त्या आवाजामागची घरे कोणी दाखवलेली नसतात. फळ्यावरच्या दोन रकान्यांना तिसरा रकाना जोडावा आणि त्यात शब्दाचे गाव लिहावे. चार 'राइट' एकाच दिवशी शिकवू नयेत. एका दिवशी एक शिकवावा, आणि कारागिराचा 'राइट' ज्या दिवशी येईल त्या दिवशी मुलांना आळीतल्या सुताराची आठवण द्यावी. मार्क तेवढ्याने वाढतीलच असे नाही. पण इंग्रजी ही वेड्यांनी लिहिलेली भाषा आहे, असे म्हणत आमची मुले शाळा सोडतात, ते तरी थांबेल.